सुतकात लावलेला टीव्ही

वैजू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मुलुंडच्या घरी पूजा आटोपून नैवेद्याचे ताट उचलत होतो. फोनवर माझी धाकटी बहीण सिंधू एवढेच म्हणाली, "दादा, वैजू उठत नाही रे..." वैजयंती ही सिंधूची एकुलती एक मुलगी, माझी भाची. चाळिशीही गाठली नव्हती. हृदयाचे दुखणे जुने होते. पण ती सकाळ शेवटची ठरेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

आता महिना उलटला. या काळात "बिचारी, कार्टून बघण्यात आयुष्य गेलं तिचं" हे वाक्य मी सांत्वनाला आलेल्या कितीतरी सुशिक्षितांच्या तोंडून ऐकले. ते खोडून काढणे मी माझे कर्तव्य मानतो.

प्रकृतीमुळे नोकरी सोडून वैजू बोरिवलीला आईजवळ राहू लागली. घरबसल्या भाषांतराची कामे करता करता तिला जपानी अ‍ॅनिमेचा छंद जडला. तोही मारामारीच्या, राक्षसांच्या मालिकांचा नव्हे. तिच्या मालिकांत कोणी निगुतीने चहा करी, कोणी परसात झाडे लावी, आणि भाग संपे. अशा मालिका ती मोबाइलवरच्या आपल्या पानावर लोकांना सुचवीत असे. 'ऑफिसातून आल्यावर डोके शांत होत नाही' असे कोणी अनोळखी माणूस लिही. वैजू आधी त्याची दिनचर्या विचारी आणि मग एकच मालिका सांगे. पथ्यही सांगे... दिवसाला एकच भाग, आणि पाहताना हातात दुसरे काही नको.

एकदा मलाच तिने गाठले. "मामा, कॉलेजात शांत रस शिकवायचास ना? उदाहरण काय द्यायचास?"

"तपोवने, मुनींचे आश्रम..."

"पोरांना कळायचं?"

"परीक्षेपुरते."

"मग हे बघ. आणि नऊवारी प्रस्तावना नको हां, गप्प बसून बघ!"

मी पाहिले. डोंगरातल्या गावी दोन बहिणी आजोबांची खानावळ चालवतात. त्या भागात त्यांनी दमट हवेने फुगलेले दार तासून पुन्हा बसवले. संपले. शांत रसाला नाट्यात स्थान असावे की नाही, यावर आपल्या पूर्वसूरींनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. सगळे विकार निमाल्यावर रंगभूमीवर दाखवायचे काय, हा मुख्य आक्षेप. त्या फुगलेल्या दारापाशी मला त्याचे उत्तर दिसले. हे मी पूर्ण विचारांती लिहितो आहे. ज्या विद्वान स्नेह्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावे.

तीच मालिका मायलेकी रोज दुपारची जेवणे झाल्यावर पाहत असत. वैजू गेली तेव्हा तिचे थोडे भाग उरले होते. पुढचे दिवस सिंधू नुसती बसून होती. तोंडात घास नाही, डोळ्यांत पाणीही नाही. पाचव्या दिवशी दुपारी, घर नातलगांनी भरलेले असताना, तिने एकाएकी मला विचारले, "दादा, टीव्ही लावू का रे? आमची वेळ झाली."

खोली चपापली. सुतकात आमच्याकडे टीव्हीवर कापड टाकतात, तसे ते टाकलेलेच होते. तिचे दीर नाना उसळले, "वहिनी, अहो मुलगी जाऊन आठवडा नाही झाला! बिल्डिंगमधले काय म्हणतील? कार्टून लावून बसलेत म्हणतील." मग माझ्याकडे वळून, "अण्णा, तुम्ही तरी सांगा हो यांना. शास्त्र तुम्ही जाणता."

सगळ्यांची खात्री होती की मी नकार देईन. गेली कित्येक वर्षे या घरातले मुहूर्त, तिथी आणि निषेध मीच सांगत आलो आहे. मी म्हणालो, "नाना, शोकात करमणूक वर्ज्य, कारण तिने मन भरकटते. हिचे मन ज्याने जागेवर येते, ती करमणूक कशी?"

"म्हणजे लावायचा?"

"कापड काढा."

नाना तरातरा गॅलरीत निघून गेले. मी स्वतः टीव्ही लावला. त्या भागात दोघी बहिणी पांढरे मुळे पाल्यासकट धुऊन, दोरीला बांधून ओसरीवर वाळत घालत होत्या. मग नानांच्याच पत्नीने हळूच विचारले, "अगंबाई, हे अख्खेच वाळवतात?"

"अख्खेच," सिंधू म्हणाली. "थंड वारा लागावा लागतो त्यांना. वैजू सांगायची..." आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच ती रडली, पोटभर रडली. संध्याकाळी तिने पिठलं-भात मागून घेतला.

त्या दिवशी आचार मोडला, असे नानांनी गावभर सांगितले आहे. सांगू देत. आचार माणसाला धरून ठेवण्यासाठी असतात. माझ्या बहिणीला त्या दुपारी कोणी धरून ठेवले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या मुलीने अनोळखी माणसांच्या मनाला इतक्या जपून विसावा दिला, तिचे आयुष्य वाया गेले असे म्हणणाऱ्यांनी आपल्या आयुष्याचे माप आधी दाखवावे.

वैजूच्या पानावर अजून विचारणा येतात. गेल्या आठवड्यात एका बाईंनी लिहिले, 'आई गेली. काय पाहू?' सिंधूला टाइप करता येत नाही; ती सांगते, मी लिहितो. तिने आधी बाईंची दिनचर्या विचारायला लावली, मग दोन दिवस विचार करून एक मालिका सांगितली.

"आणि लिही दादा, सुतक असलं तरी लावा. कोणी आडवं आलं तर म्हणावं, शास्त्रीबुवांना विचारा."

मी ते जसेच्या तसे लिहिले आणि खाली माझा फोन नंबर दिला.