हवालदारांचे पंटर

हवालदारांच्या लेखी जगात एकच जात होती, पंटर. सांगलीच्या गूळबाजारात त्यांचं चहाचं दुकान होतं. चहाला येणारा पंटर, पत्ते कुटणारा पंटर, आणि समोरून बाशिंग बांधून जाणारा नवरदेव तर थोरला पंटर. लढाई संपून घरी आले तेव्हा त्यांनी हा शब्द सोबत आणला होता. पलटणीतला गोरा सार्जंट जुगाऱ्यांनाही पंटर म्हणायचा आणि कँटीनच्या गिऱ्हाइकांनाही. हे दोघे एक कसे, असं मी एकदा विचारलं.

"दोगं बी घरातनं ठरवून येत्यात एक, आन करून बसत्यात भलतंच," ते म्हणाले.

स्वतः ते पैज लावायचे, पण पैशाची कधीच नाही. बराकीत पगार हरून रडणारी माणसं त्यांनी पाहिली होती. म्हसवडच्या सिद्धनाथाची आण घेतली होती म्हणे. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला पाठुंगळी घेऊन कृष्णेच्या घाटापर्यंत न्यायचं, असा त्यांचा कायदा. अख्खा बाजार मागून हसत चालायचा.

गुळाची ढेप नुसती उचलून ते वजन सांगत, आणि ते कधी चुकत नसे. मी तेव्हा समोरच्या आडत दुकानात तोलाईला होतो. वय वीस, ओठावर नुकतीच मिशी, आणि डोक्यात वारं. एका दुपारी मी मिशीची पैज लावली: वजन चुकलं तर त्यांची मिशी उतरणार, बरोबर निघालं तर माझी. हवालदार लगेच तयार झाले. त्यांची मिशी कल्ल्यांना भिडलेली. तिच्यासाठी ते रोज तुपाचं बोट राखून ठेवत.

मी काय केलं ते आज लिहितो. तराजूत ढेप ठेवायच्या पारड्याखाली मी गुळाचा गोळा चिकटवून ठेवला होता.

हवालदारांनी ढेप उचलली, तेहतीस शेर म्हणाले. काट्यावर साडेतेहतीस भरली. ते जरा वेळ पारड्याकडे बघत राहिले. मग उठून सरळ न्हाव्याकडे गेले.

आमच्याकडे बाप गेल्याशिवाय कुणी मिशी उतरवत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून दुकानात माणसं दुखवट्याला यायला लागली. हवालदार त्यांना चहा पाजायचे आणि आपला म्हातारा ठणठणीत आहे म्हणून सांगायचे. आठवड्यात म्हातारा स्वतःच म्हसवडहून काठी टेकत आला. खांद्यावर घोंगडी, डोळे लाल.

"मी जित्ता असताना मिशी काडलीस? कुनी हरवलं तुला?"

मी कपबशी धरून तिथंच बसलो होतो. हवालदारांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"पंटर हरतोच, बा. त्यात दुसऱ्याचं नाव घ्याचं नसतं. बस, तुज्याच दुखवट्याचा चा हाय, पी."

म्हातारा थोडा वेळ गुरगुरला, मग त्यालाच हसू फुटलं. "लय वांदं केलंस की. आता मिशी येस्तवर मला मराय बी येत न्हाई," म्हणाला. सगळा बाजार हसला. मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. म्हातारा पुढं पुष्कळ वर्षं जगला.

दुकान मोडून हवालदार गावी निघाले त्या दिवशी मी कबूल करायचं ठरवून मोटारीपाशी गेलो. तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "पंटर, त्या दिशी पारड्याखाली मुंगळं लागलं हुतं, गड्या."

तेव्हाच का सांगितलं नाहीत, असं मी विचारलं.

"तराजूला हात लावला म्हनून शेटनं तुला हाकलला असता. मिशी परत येती रं. नोकरी न्हाई येत."

मोटार सुटली. खिडकीतून ते मिशीला पीळ देत हसत होते.

गेल्या साली ते वारल्याचं कळलं. मी न्हाव्याकडे जाऊन मिशी उतरवली. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, त्यामुळे घरी आल्यावर बायको घाबरली आणि कोण गेलं म्हणून विचारू लागली.

मी म्हणालो, "कोणी नाही. एक जुनी पैज हरलो होतो."