बसून पाजलेलं दूध

माझी मुलगी जन्मली तेव्हा डोंबिवलीत आमच्या माहेरच्या कुंपणापलीकडे भातखाचरं सुरू व्हायची आणि कुंपणाच्या आत आईचं राज्य. बाळंतिणीच्या खोलीत तर विचारायलाच नको. खिडकीला गोधडी, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा-शेपांची धुरी, आणि बाजेवर कानाला फडकं बांधून पडलेली मी. मॅट्रिक झालेली, शाळेत शास्त्राच्या तासाला सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी मी आता कूस बदलायची तर आईची परवानगी घेत होते.

पण मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण शेजारी ती होती! काळंभोर जावळ, रागीट कपाळ, आणि भूक लागली की आख्ख्या आळीला कळावं असा आवाज. मी तिच्याकडे बघत बसायची आणि मला हसूच आवरायचं नाही. हे माझं आहे, मी केलंय, असं मनातल्या मनात सारखं घोकायची. आई म्हणायची, "अगं, इतकं बघू नये पोराकडे, दृष्ट लागते." मी डोळे मिटायची आणि पापण्यांच्या फटीतून बघायची.

भानगड एकच होती. पोटात गेलेलं दूध ती पोटात ठेवत नव्हती.

आमच्याकडे बाळंतिणीने सव्वा महिना आडवं पडूनच पाजायचं. बसून पाजलं तर कंबर जन्माची जाते, असं आई, आईची आई आणि तिच्याही आधीच्या सगळ्याजणी सांगत आल्या होत्या. मी कुशीवर, मूल पाठीवर उताणं, मान तेवढी माझ्याकडे वळवलेली. ती टोकाशीच लुचायची. मला चिरा पडल्या, कळ थेट डोक्यात जायची. त्यातून पान्हा असा जोरात सुटायचा की तिला ठसका लागायचा, नाकातून दूध यायचं, ती तोंड सोडून किंचाळायची आणि पुन्हा लुचायला लागायची. मग दमून तशीच झोपी जायची. झोपलेलं मूल हलवायचं नाही, हाही आईचा कायदा. आणि थोड्याच वेळात बाळोतं, उशी, माझा पदर, सगळं फुटलेल्या दुधाने भरायचं. दिवसभर दोरीवर बाळोती आणि घरभर आंबूस वास.

आईने आधी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला, म्हणजे दृष्ट नव्हती. मग गुटीत वेखंडाचे वेढे वाढवले. मग पोरीच्या पोटाला बांधायची पट्टी आणखी आवळली. न्हाणं झालं की शेकून बेंबीवरून फडक्याची रुंद पट्टी गुंडाळायची, म्हणजे पोटात वारा धरत नाही, अशी ती पट्टी. शेवटी एक दिवस तिने वाटीभर पाणी आणलं, माझं दूध त्यात पिळायला लावलं आणि वाटीत डोकावून गंभीर चेहरा केला. थेंब तळाला गेला होता.

"दूध जड आहे तुझं," ती म्हणाली. "पोरीला पचत नाही."

"मलाही पाण्यात सोडलंस तर मीही बुडेन!" मी ओरडले. पण नंतर भिंतीकडे तोंड करून रडले. जड म्हणजे काय? माझ्या अंगातलीच वस्तू माझ्या पोरीला बाधते, हे ऐकून घेणं सोपं नव्हतं. वरून माझं जेवण निम्म्यावर आलं. मऊ भात, जिरं, लसूण आणि काही नाही.

वडिलांनी मात्र डॉक्टरांना बोलावलं. ते सायकलवरून आले, खिडकीची गोधडी स्वतःच बाजूला केली आणि आईच्या कपाळावरच्या आठ्यांकडे न बघता मला प्रश्न विचारत सुटले. उलटी लांब उडते की ओघळते? हिरवी-पिवळी आहे का? बाळोती ओली करते का? मला कोण आनंद झाला! एवढ्या दिवसांत कोणीतरी मला विचारत होतं. मी परीक्षेत द्यावीत तशी धडाधड उत्तरं दिली.

"काही मुलांच्या जठराचं तोंड सैल असतं," ते म्हणाले. "मोठं झालं की घट्ट होतं. उलटी उडत नाही, हिरवी नाही, लघवी होतेय, तोवर मी घाबरत नाही. पण हे बघा." त्यांनी पिशवीतून आकड्याचा काटा काढला, माझ्या मुलीला फडक्याच्या झोळीत घालून लटकवलं. काटा जन्माच्या वजनाच्या बराच अलीकडे थांबला. "हे मला आवडलेलं नाही. बारसं होऊ दे, पुढच्या गुरुवारी मी पुन्हा येतो. तेव्हा वाढ दिसली नाही, तर वरचं दूध सुरू करायचं."

वरचं दूध! एकदा बाटली लागली की पोर अंगाकडे फिरकत नाही, छाती आटते, मग संपलंच. आमच्या ओळखीत असं झालेलं मी पाहिलं होतं. मला ती माझ्याच अंगावर वाढायला हवी होती. हट्ट म्हणा हवं तर.

बारशाला ठाण्याहून सासूबाई आल्या. त्या कमी बोलत. मुलीला मांडीवर घेतलं, बोटांनी तिच्या मांड्या चाचपल्या, दंड चाचपले. मग पिशवीतून झबलं-टोपडं काढलं, साखरेची पुडी काढली, आणि तळातून एक दुधाच्या भुकटीचा डबा आणि होडीच्या आकाराची काचेची बाटली. सगळ्यांच्या देखत त्या दोन वस्तू त्यांनी कोनाड्यात ठेवल्या. माझ्या अंगाची आग आग झाली. निदान बारसं तरी होऊ द्यायचं होतं!

त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाजेवर आलेल्या बायका बसल्या होत्या, उरलेल्या बाजेवर आहेराची लुगडी. पाळण्याला अजून फुलं बांधणं चाललं होतं. नव्या झबल्यात पट्टी मावेना, म्हणून कोणीतरी ती सोडून टाकली. आणि नेमकी तेव्हाच बाईसाहेबांना भूक लागली. आडवं पडायला जागा कुठे? मी तिला घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि पाटावर बसले. पाठ टेकायला तांदळाची कोठी होती. मी मागे रेलले, पाय पसरले आणि तिला पोटावर, माझ्या अंगावर पालथीच घेतली.

तिने मोठ्ठं तोंड उघडलं. इतकं मोठं की मला वाटलं, आता चावते! आणि मग दुखलंच नाही. पान्हा सुटला, मी ठसक्याची वाट बघत अंग चोरून घेतलं, पण ठसका आला नाही. तिचं डोकं वर होतं, दूध खालून चढून जात होतं, तिला हवं तेवढंच ती घेत होती. घुटुक, घुटुक, मध्ये श्वास, पुन्हा घुटुक. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

पोट भरलं, पण तिला ठेवणार कुठे? पाळणा मोकळा नाही, बाज मोकळी नाही. मी उभी राहून तिला खांद्यावर टाकलं. तिने एक ढेकर दिली, थेट एखाद्या जेवून उठलेल्या भटजीसारखी! मग ती या हातातून त्या हातात, या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरत राहिली. बऱ्याच वेळाने नावापुरती पाळण्यात घातली आणि लगेच उचलली; पाळण्याची गाणी झाली, घुगऱ्या वाटल्या, ओटी भरली. आणि माझ्या ध्यानात आलं की नवं झबलं कोरडं आहे.

मी गर्दीतून वाट काढत आईला गाठलं. "आई, तिने टाकलं नाही!"

"आज शुभ दिवस आहे, म्हणून."

शुभ दिवस! मी मनातल्या मनात नाचत होते. आज तीन गोष्टी वेगळ्या झाल्या होत्या. मी बसून पाजलं, पट्टी नव्हती, आणि पाजल्यावर ती लगेच आडवी झाली नाही. यातली कोणती खरी? शाळेत आमच्या बाई सांगायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मला केव्हा एकदा दुसरा दिवस उजाडतो असं झालं.

सासूबाई संध्याकाळच्या आत निघाल्या. दारात म्हणाल्या, "गुरुवारी डॉक्टर येतात ना? मी येते." आणि कोनाड्याकडे एक नजर टाकली.

दुसऱ्या दिवशी युद्ध झालं. मी बाजेवर उठून बसले आणि पाठीशी उशा लावल्या. आई दारात हात जोडून उभी. "अगं माझे आई, कंबर जाईल, जन्मभर वाकून चालशील, मग मला आठवशील!"

"माझी कंबर जाऊ दे, पोरगी राहू दे."

आई पदराने डोळे पुसायला लागली. तेव्हा मलाही वाईट वाटलं, पण मी आडवी झाले नाही. न्हाण्यानंतर तिने पट्टी बांधली, मी बसून पाजलं, खांद्यावर घेतलं. थोडं आलं. पुढच्या वेळी मी पट्टी सोडून टाकली. काही आलं नाही! मग मुद्दाम, जीव मुठीत धरून, पाजल्यावर लगेच निजवली. भळ्ळकन आलं. मी टाळी वाजवली. पोरगी ओकली म्हणून टाळ्या वाजवणारी आई डोंबिवलीत माझ्याखेरीज दुसरी झाली नसेल. वडील दाराबाहेरून विचारत होते, "काय झालं? काय झालं?" आणि मी आतून ओरडत होते, "सापडलं!"

आईचा कायदा मोडायला मला वडिलांची मदत झाली. झोपलेली नात खांद्यावर घेऊन ते ओटीवर येरझारा घालायला लागले, आणि त्यांना त्यात इतका मान वाटायला लागला की मला परत द्यायला तयार होईनात. आई बघत होती. तिसऱ्या दिवशी दोरीवर बाळोती कमी वाळत घालावी लागली, तेव्हा तिने माझ्या पाठीशी आणखी एक उशी सरकवली. मग जेवणात तूपही परत आलं. जड दुधाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

तरी थोडंफार रोज यायचंच. खांद्यावर, वडिलांच्या सदऱ्यावर, हसताना ओठांच्या कोपऱ्यातून. तिचं वजन वाढतंय की नुसतं मला तसं वाटतंय, हे मला कळत नव्हतं. बुधवारी माझ्या तोंडात घास जाईना.

गुरुवारी सासूबाई डॉक्टरांच्या आधी आल्या. आल्या आल्या चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं आणि ती होडीसारखी बाटली उकळून घेतली. म्हणजे तयारी पुरी.  मी दात आवळून धरले होते.

डॉक्टरांनी झोळी अडकवली. मुलीला झोके आवडले असावेत, ती गप्प राहून छताकडे बघत होती. काटा हलला, थरथरला, पुढे गेला, मागे आला.  मग तो थांबला, जन्माच्या वजनाच्या पुढे. चांगला पुढे!

"वा!" डॉक्टर म्हणाले. "काय केलंत?"

मी इतकी भरभर सांगायला लागले की त्यांना दोनदा हाताने थांबवावं लागलं. "हेच चालू ठेवा," ते म्हणाले. "थोडं टाकेल, टाकू दे. डबा लागत नाही." आईने देवापुढे साखर ठेवली, वडिलांनी डॉक्टरांना बळेबळे चहा पाजला, आणि मी हसत होते की रडत होते ते मलाच ठाऊक नाही. माझी पोरगी माझ्याच अंगावर वाढत होती!

त्या गडबडीत सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. डॉक्टर गेल्यावर त्या माझ्या बाजेजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "पुन्हा पाज बघू. मला बघायचंय."

मी मागे रेलून बसले, मुलीला अंगावर घेतलं. त्या वाकून बघत होत्या, तिची मान कुठे, माझा हात कुठे. "पट्टी अजिबात नाही?"

"नाही."

"आणि मग लगेच उभी धरायची. एवढंच?"

"एवढंच."

पिऊन झाल्यावर त्यांनी हात पुढे केले. मी मुलगी दिली. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. ढेकर आली तशी आई खदखदून हसली, मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

"माझी पहिली अशीच टाकायची," त्या म्हणाल्या. "आम्ही तिला निजवूनच ठेवायचो. मग अंगावरचं बंद केलं, शेळीचं दूध बोंडल्याने घातलं. तेही टाकायची."

मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. मला लग्नापासून ठाऊक होतं ते इतकंच, की माझा नवरा त्यांचं पहिलं मूल. त्याच्याआधी एक मुलगी होऊन गेल्याचं त्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं.

मुलगी केव्हाच झोपली होती. आईने पाळणा झटकला, वर दुपटं अंथरलं आणि म्हणाली, "विहीणबाई, द्या आता, ठेवते तिला." सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांची निघायची वेळ होऊन गेली, तरी त्या तिला खांद्यावर उभी धरून तशाच बसून राहिल्या.