उष्टावणाला मामा हवा

रुद्रला काट्यावरून उचललं आणि मोबाइलमध्ये वजन टाकलं. रंग पिवळा, तोही लालच्या अगदी काठावरचा.

अंगणवाडीच्या भाषेत सांगते. हिरवा म्हणजे वाढ छान, पिवळा म्हणजे लक्ष द्या. लाल म्हणजे बाळाला आईसकट दवाखान्यात भरती करायची वेळ. रुद्रला आठवा महिना लागला होता. सहाव्यापर्यंत हिरव्यात खेळत होता पोरगा, अंगावरचं दूध पुरत होतं. पण त्यापुढे नुसतं दूध पुरत नाही, वरचं खाणं लागतं. तिथंच अडलं होतं.

"बाई, असंच राहिलं तर पुढच्या वजनाला हे बाळ लालमध्ये जाणार," सुपरवायझर मॅडम म्हणाल्या. "घरी जाऊन बघा काय खातंय ते."

आमची वस्ती नाशिकच्या बाहेर, मळ्यांची. रुद्रचं घर भाजी पिकवणाऱ्यांचं. अंगणात कोबीच्या गोण्या, गाजरांचा ढीग, लाल भोपळे. आणि त्या ढिगाला टेकून गिरजाआजी नातवाला चहात बुडवलेलं बिस्किट चोखायला देत होती. सोनाली, म्हणजे रुद्रची आई, गाजरं धूत बसली होती.

"आजी, दिवसभरात काय काय देता याला?"

"लय देते. सकाळी चा-बिस्कीट. दुपारी वरणाचं पाणी. मधे बाटलीत तो पाकिटातला रस."

"आणि वरण?"

"अवो बाई, अन्न कसं देऊ? उष्टावण कुठं झालंय अजून?"

उष्टावण म्हणजे बाळाला पहिला घास भरवायचा कार्यक्रम. घास भरवायचा तो मामानं. आणि रुद्रचा मामा फौजेत, पार सरहद्दीवर. सुट्टी मंजूर व्हायची नि रद्द व्हायची. आजीच्या हिशोबात चहा अन्न नाही, बिस्किट अन्न नाही, वरणावरचं पाणी तर नाहीच. भात-वरण मात्र अन्न. म्हणजे बघा, जे नको ते सगळं चालू, आणि जे हवं ते मामाच्या सुट्टीत अडकलेलं.

मी समजावलं. वरच्या पाण्यात काही नसतं, ताकद खाली डाळीत राहते. पाण्यानं पोट तेवढं भरतं आणि बाळ दूधही कमी पितं. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. आजीनं सगळं नीट ऐकलं.

"तुमचं खरं हाय. पण माझ्या पुतण्याच्या पोराचं मामाशिवाय उरकलं आन ते तापानं फणफणलं. मी नाय तसलं करणार."

सोनालीचा हात गाजरावर थांबला. "आई, तो हातात हलका लागतोय हो." एवढंच बोलली आणि पुन्हा खाली मान घालून धुवायला लागली.

तेवढ्यात टेम्पो आला. टेम्पोवाला बबन रोज मार्केट यार्डात माल नेतो. सोनालीच्या माहेरचा, सिन्नरकडच्या त्याच गावचा. गोणी उचलताना त्यानं रुद्रच्या बापाला हाक मारली, "काय दाजी, कान उतरला का अजून सुजलेलाच हाय?"

"चार माणसांत पिळलास तू. थंडीत अजून ठणकतो."

आता लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, हे आपल्याला ठाऊकच आहे. मी आजीकडे वळले. "कानपिळी बबननं केली होती?"

"मग. फौजीला तवाबी सुट्टी नव्हती. गावचा भाऊ म्हणून ह्याला उभा केला. टोपी दिली, उपरणं दिलं, समदा मान केला."

"म्हणजे तुमच्या लेकाचा कान पिळायला हा भाऊ चालला. नातवाला घास भरवायला का चालू नये?"

बबन गोणी खांद्यावर घेऊन तसाच उभा.

"टोपी परत मागणार असाल तर आधीच सांगतो," तो म्हणाला, "ती हरवली."

आजीला हसू फुटलं. "फौजीला इचार आधी," ती सुनेला म्हणाली. सोनालीनं ओले हात पदराला पुसून फोन लावला, स्पीकर चालू केला. पलीकडून तिचा भाऊ म्हणाला, "बबन्या करतोय ना? मग मीच करतोय. माझ्यासाठी थांबू नका."

"चांदीची वाटी मातर तुझ्याकडूनच घेईन," आजीनं बजावलं.

दुसऱ्या दिवशीच उरकलं. आजीनं खीर केली. मी खिमट केलं: तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून भरडलेली, मऊ शिजवलेली, त्यात त्यांच्याच मळ्यातला भोपळा उकडून कुस्करला, वर साजूक तूप. मीठ-साखर नाही, वर्षाच्या आत त्याची गरज नसते. बबनला साबणानं हात धुवायला लावले, कोबीचा वास जाईपर्यंत. खीर जिभेला टेकवून मान राखला. मग खिमट.

पहिला घास रुद्रनं बाहेर ढकलला.

"नाय आवडलं त्याला," आजी म्हणाली.

"जीभ नवी आहे, शिकतेय."

दुसरा थोडा आत गेला. तिसऱ्याला त्यानं चमचाच धरला आणि सोडेना.

"भाचा मामावर गेला," बबन म्हणाला. सोनाली तोंडाला पदर लावून हसत होती, डोळे मात्र भरलेले.

दाटपणाची खूण मी आजीला शिकवली: चमचा तिरका केला तरी घास ओघळायला नको. तिनं स्वतः करून पाहिलं. त्या दिवसापासून चहा, बाटली, पाकिटातला रस बंद. अंगावरचं दूध चालू. पाणी उकळून गार केलेलं, वाटी-चमच्यानं. हळूहळू केळं, उकडून कुस्करलेलं गाजर, नाचणीची लापशी, अंडं. टेम्पो भरायच्या आधी रुद्रची गाजरं बबन स्वतः बाजूला काढायचा.

पुढच्या वजनाला काटा चढला. त्याच्या पुढच्याला हिरवा रंग. मॅडमनी दोनदा तपासलं.

"बाई, टॉनिक कुठलं दिलंत?"

"मामा दिला, मॅडम."

मागे काट्याजवळ गिरजाआजी एका नव्या आईला ऐकवत होती, "वरचं पाणी तू पी गं. खालची डाळ पोराला दे."

फौजी सुट्टीवर आला तेव्हा वाटी घेऊन आला. रुद्र तोवर दुधात कुस्करलेली भाकरी खायला लागला होता.

आता बाळाला पाचवा महिना लागला की मी त्या घरी जाते. लसींचं नंतर विचारते. आधी विचारते, मामा कुठं असतो, आणि तो लांब असेल तर आईच्या माहेरचं जवळपास कोण आहे.