एका पायावरची कोंबडी

दार वाजलं की काकी लगेच कडी काढत नसत. आधी आतून विचारत, "कोण आहे? आपला आहे का?" नुसतं नाव सांगून भागत नसे. "आपलाच आहो, काकी," असं म्हणावं लागे. मग कडी निघे, आणि चहाही मिळे. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या गल्लीत या एकच होत्या.

काकी अंगणवाडी सेविका. त्या कामावर गेल्या की घरी त्यांचे यजमान, काकाजी, एकटे. काकाजींची आठवण इतकी विरली होती, की जेवून हात धुतल्यावर ते "जेवण कवा होते?" असं विचारत. पाय मात्र ठणठणीत. दार उघडं दिसलं की निघालेच. लोक काकींना सांगत, बाहेरून कुलूप लावून जात जा. काकी म्हणत, "माणूस आहे तो. धानाचं पोतं नाही."

म्हणून पडवीत, बाजेसमोर, मी एक कॅमेरा टांगून दिला. माझं मोबाइल-दुरुस्तीचं दुकान असल्यानं गल्लीत मी इंजिनिअर समजला जात असे, आणि तो गैरसमज मी कधी दूर केला नाही. काकी पोरांना खिचडी वाढता वाढता फोन काढून बघत. बाजेवर काकाजी, अवतीभवती कोंबड्या. दिसले की पुन्हा डाव हातात घेत.

पुढे कॅमेऱ्यासाठी घेतलेल्या त्यांच्या वायफायचा पासवर्ड गल्लीभर झाला. कुणी फोडला हे विचारू नका. चहाच्या भरात माझं तोंड जरा सैल सुटतं. पोरं त्यांच्या ओट्यावर बसून सिनेमे बघू लागली, कॅमेरा अडखळू लागला. त्यात काकींनी कुठंतरी ऐकलं, की परका माणूस आपल्या नेटमध्ये शिरून आपलंच घर बघू शकतो. त्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बाबू, कोणी पाहून तं नाही राहिला ना आमच्या घरात?"

"काकी, तुमच्या दारासारखंच करून देतो," मी म्हणालो. "दर फोनला आपापला नंबर असते. जो नंबर आपण मांडला तोच आत. बाकीच्याले पासवर्ड माहीत असला तरी बाहेर."

"आपले तेवढे ठेव. बाकी सारे हाकल."

मी वायफायला जोडलेल्यांची यादी उघडली. ओट्यावरच्या पोरांचे फोन मोठ्या झोकदार नावांचे होते. ते ओळखून बाद केले. काकींचा फोन ठेवला. माझाही ठेवला, तपासणीसाठी लागतो. शेवटी एक निनावी उरला, नुसते आकडे आणि अक्षरं. "हा पक्का चोर!" असं म्हणून मी त्यालाही बाहेर काढलं. काकींनी हात जोडले आणि त्या अंगणवाडीत गेल्या. मी मान ताठ करून दुकानात आलो.

दुपारी काकी दुकानाच्या पायरीवर. फोन माझ्यापुढे धरलेला.

"बाबू, हे कोंबडी काऊन हालून नाही राहिली?"

चित्रात काकाजी बाजेवर बसलेले, आणि समोर एक कोंबडी एक पाय उचलून उभी. मी हसलो. "कोंबड्या राहतात तशा उभ्या, काकी."

"पोरं जेवून झोपली, तरी एकाच पायावर?"

मग मला कोपऱ्यातली बारीक इंग्रजी अक्षरं दिसली. कॅमेरा बंद होता. हे चित्र सकाळचं होतं. तो निनावी चोर म्हणजे मी स्वतःच्या हातानं खिळ्याला टांगलेला कॅमेरा. "काकी, मीच काढलं त्याले," मी म्हणालो.

मोटरसायकलवर काकींनी माझा खांदा घट्ट धरून ठेवला. पडवीत बाज रिकामी. मागचं दार सताड उघडं. कोंबडी दोन्ही पायांवर दाणे टिपत होती.

गल्लीत विचारायला माणूस नाही. सारे रोवणीला गेलेले. मागच्या दारातून निघणारा धुरा, शेतांमधली उंच पायवाट, थेट बोडीवर जातो. आमच्याकडं धानाच्या शेतांना पाणी पुरवणारं लहान तळं म्हणजे बोडी. त्या दिवसांत ती काठोकाठ भरलेली. चिखलात एकाच माणसाची पावलं होती, जाणारी.

काकाजी कमरेइतक्या पाण्यात उभे होते, पाठ आमच्याकडं. मी ओरडणार, तोच काकींनी माझ्या तोंडावर हात दाबला. दचकले असते तर एक पाऊल पुढं पडलं असतं. तिथं तळ लागत नाही.

काकी काठावर गेल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "कोण आहे?"

काकाजींनी मान तिरकी केली.

"मी आहो."

"आपला आहे का?"

काकाजी विचारात पडले.

"आपलाच आहो," ते म्हणाले, आणि वळले.

घरी त्यांना कोरडं करताना काकी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चोर समजून पहारेकऱ्यालेच हाकललं तू." मग मलाही चहा दिला.

दिवाळीनंतर त्यांची लेक दोघांना नागपूरला घेऊन गेली. आता त्या दाराला बाहेरून कुलूप आहे. ओट्यावर कोणी बसत नाही.

परवा काकींनी मोबाइलवर काकाजींचं चित्र पाठवलं. गॅलरीत, खुर्चीवर. मी बघत राहिलो. काकाजी हलेनात. मी तडक फोन लावला.

"काकी, काकाजी हालून नाही राहिले!"

"फोटू आहे तो, येड्या!" काकी हसल्या. "थांब, दाखवते."

व्हिडिओ सुरू झाला आणि पडद्यावर काकाजींचा चेहरा आला. डोळे माझ्यावर रोखलेले, घाबरलेले.

"कोण आहे हा?" त्यांनी विचारलं.

मागून काकींचा आवाज आला, "आपलाच आहे. येऊ द्या."