चौकटीतला क्लेम

आमच्या फोटो क्लबात भांडणाचे विषय दोनच. चहा कोणी करायचा आणि चित्रात क्षितिज कुठे ठेवायचं. पहिल्यावर अजून एकमत नाही. दुसऱ्यावर शेवटचा शब्द एल्वा पास्कोचा.

एल्वाने सारा जन्म लग्नाचे झगे बेतण्यात घालवला. कमरेची शिवण बोटभर वर घेतली की बुटकी नवरी उंच दिसते, हे ओळखणारी तिची नजर. तीच नजर तिने पुढे आमच्या द्वीपकल्पावरच्या खाऱ्या तळ्यांना लावली. माझ्या फोटोत खालची जमीन जास्त झाली की म्हणायची, "झगा लोळतोय. काप खालून." मी हार्डवेअरचं दुकान चालवणारा माणूस, मला राग यायचा. घरी जाऊन कापलं की चित्र ताठ उभं राहायचं, मग जास्तच राग यायचा.

तिचा कॅमेरा जुना, लाकडी, भात्याचा. तिकाटण्यावर उभा करायचा, डोक्यावरून काळं कापड घ्यायचं आणि मागच्या काचेत बघायचं. काचेत सगळं उलटं दिसतं, पाणी वर आणि आभाळ खाली. एल्वाला तेच आवडायचं. "उलटं झालं की तळं तळं राहत नाही आणि झाड झाड राहत नाही," ती सांगायची. "नुसती वजनं उरतात. मग कुठे काय जड झालंय ते कळतं."

तिकाटणं वाहून न्यायचा तो तिचा नवरा, क्लेम. जेटीवरच्या गव्हाच्या कोठारातून निवृत्त झालेला, बडबड्या, एका जागी न बसणारा. एल्वा कापडाखाली गेली की हा शिट्टी वाजवत भटकायला निघे आणि नेमका चौकटीत शिरे. "क्लेम, बाजूला हो!" ही हाक आमच्याकडच्या सगळ्या तळ्यांनी ऐकली आहे. क्लेम म्हणायचा, "चित्रातून इतका हाकललेला नवरा अख्ख्या जिल्ह्यात नसेल."

एका मे महिन्यात मात्र तिने त्याला हाकललं नाही. संध्याकाळ होती, वारा तिच्या पाठीकडून तळ्याकडे वाहत होता. गुलाबी तळ्यावर मिठाची पांढरी साय दूरवर पसरलेली आणि वर एकच लांब ढग. चित्र एका बाजूला कलत होतं, आणि ते कशाने सावरावं हे तिला सुचत नव्हतं. तेवढ्यात काचेत, जिथे हवा होता तिथेच, एक काळा ठिपका दिसला. क्लेम असणार, हे तिने ओळखलं. ठिपका थोडा हलला तशी ती कापडाबाहेर येऊन ओरडली, "हलू नकोस! तिथेच थांब!" ठिपका थांबला. उजेड कमी, कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवावी लागली. मग आमची सगळ्यांची सवय, एक फिल्म बिघडली तर असावी म्हणून तिने दुसरीही घेतली. मग सामान आवरलं आणि त्याला बोलावलं. तो आला नाही.

मिठाची साय फुटून क्लेमचा पाय खालच्या काळ्या चिखलात मांडीपर्यंत गेला होता आणि हाड मोडलं होतं. तो टोपी हलवत होता, ओरडत होता. वाऱ्यामुळे त्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचला नाही, तिचा त्याच्यापर्यंत पोचला.

पाय वाचला, पण आखूड झाला. एल्वाने कॅमेरा कपाटात टाकला आणि ती क्लेमसमोर बसून राहिली. क्लेम काठी टेकत माझ्या दुकानात यायचा आणि कुरकुरायचा. "पायाचं सोड रे. ती दिवसभर माझ्याकडे बघत बसते, मी चुलीवरचं दूध असल्यासारखी. तिला बाहेर काढ, नाहीतर आम्ही दोघंही कामातून जाऊ."

"मी काय करू?"

"ते चित्र तिने छापावं म्हणून बोल तिला. फेकून देते म्हणतेय. पाय मोडून घेतलाय मी त्यात."

मी बोललो, तिने मला हाकललं. शेवटी क्लेमनेच हट्ट धरला आणि तिने ते छापलं. क्लबाच्या वार्षिक स्पर्धेला ते भिंतीवर लागलं. इतकं चांगलं काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं, हे मी आजही म्हणेन.

अ‍ॅडलेडहून आलेल्या परीक्षकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी अंगठ्याने तो ठिपका झाकला. "बघा, झाकला की चित्र कोसळतं. या खुंटावर सगळा तोल आहे. बाई, हा खुंट शोधायला किती फिरलात?"

"खुंट इथे बसलाय," क्लेम मागून म्हणाला.

लोक हसले. एल्वा उभी राहिली. "मला बक्षीस देऊ नका. माझा नवरा तिथे मोडक्या पायाने अडकला होता, आणि तो ठिपका बघून मला आनंद झाला होता."

परीक्षक गोरेमोरे झाले. "पण चित्र चुकलेलं नाही, बाई."

"नाही ना. म्हणून तर सोसत नाही."

परत जाताना एल्वा आणि क्लेमला मीच गाडीतून सोडलं. क्लेम मागे बसला होता. पुढे वाकून तो म्हणाला, "एल्वा, तुझा आवाज मला येत होता. हलू नकोस म्हणालीस, म्हणून मी टोपी खाली घेतली. म्हटलं, हिला काहीतरी चांगलं सापडलंय, होऊन जाऊ दे. फक्त दुसरी फिल्म घेशील असं वाटलं नव्हतं."

एल्वा रडायला लागली. मला गाडी चालवणं जड झालं.

"आता कॅमेरा काढ," क्लेम म्हणाला. "घरात माझ्याकडे बघून माझा पाय लांब होणार नाही."

तिने काढला, पण वसंत उजाडल्यावर. आता त्यांना तळ्यावर मी नेतो. क्लेम गाडीत बसतो. एल्वा कापडाखाली जाते आणि दर थोड्या वेळाने डोकं बाहेर काढून हाक मारते, "क्लेम?" तो आतून ओरडतो, "आहे, आहे!" अशाने काचेवर डोळा ठरत नाही. तिची चित्रं आता जराशी कलतात. क्लबात सगळ्यांना दिसतं, कोणी बोलत नाही.

परवा मात्र ढग फाटला आणि तळ्यावर असा उजेड उतरला की मी माझा कॅमेरा काढायचं विसरलो. एल्वाची फिल्म बसवलेली होती, हात झडपेच्या दोरीवर होता. तिने हाक मारली, "क्लेम?"

उत्तर आलं नाही.

दोरी सोडून ती मिठावरून धावत सुटली, या वयात, पाय घसरत. गाडीचं दार तिने ओढून उघडलं. क्लेम तोंड उघडं टाकून घोरत होता. दचकून जागा झाला, काचेबाहेर बघितलं. उजेड गेला होता.

"घेतलंस ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"अगं, का?"

तिला धाप लागली होती. ती दाराला धरून उभी राहिली.

"तू ओ दिली नाहीस," ती म्हणाली.