ठाकरवाडीचा दिवा

"या लोकांना अंधाराची सवयच असते."

आमच्या आकाशनिरीक्षक मंडळाचे अध्यक्ष असलेले सर माइकवरून हे बोलले तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. गळ्यात त्यांनीच घातलेला हार. सभागृह भरलेलं. कुणी चपापलं नाही. नुसत्या माना हलल्या.

भंडारदऱ्याच्या अंगाला, डोंगरावरच्या वेधशाळेत रूपविकारी तारे पाहणाऱ्यांचं संमेलन होतं. या ताऱ्यांचं तेज कमीजास्त होत असतं. आमच्यासारखे हौशी लोक ते आजूबाजूच्या ताऱ्यांशी ताडून पाहतात आणि शास्त्रज्ञांना कळवतात. मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. मंडळात बरीच वर्षं आहे, पण जागा कायम मागच्या रांगेत. त्या दुपारी सरांनी नाव पुकारून मला पुढं बसवलं, तेव्हाच ओळखलं. बोकडाला हार उगाच घालत नाहीत.

मग सरांनी ठराव वाचला. समोरच्या ठाकरवाडीतला रस्त्याचा दिवा काढावा, दुर्बिणीला त्याचा त्रास होतो. आणि ही मागणी वाडीच्याच मुलीनं मांडावी.

ती वाडी माझी. तिथं दिवा नव्हता तेव्हा माझी चुलती अंधारात घोणसीवर पाय पडून गेली. त्या दिव्यासाठी तात्यानं, माझ्या चुलत्यानं, पंचायतीचे उंबरे झिजवले. तोच तात्या मला मोटारसायकलवर घेऊन आला होता. मागच्या भिंतीला टेकून सगळं ऐकत होता.

मी हळूच विचारलं, "सर, आणि धरणाकाठच्या रिसॉर्टचे दिवे?"

"ते आपले यजमान आहेत. जेवण त्यांच्याकडेच आहे आज," सर हसले. "तुम्ही फक्त दोन वाक्यं बोला. मग मोठ्या दुर्बिणीवर काम करायला तुमचं नाव सुचवतो."

मी नकाराची मान हलवली. तेव्हा सर सभागृहाला म्हणाले, "ठरावाला पाठिंबा असेल त्यांनी हात वर करा."

आमच्यात एक शिस्त आहे. तारा किती तेजस्वी दिसला हे शेजाऱ्याला विचारायचं नाही. आपल्या डोळ्यांना दिसलं तेच सांगायचं. मला ही शिस्त लावणारी माणसं आता सरांच्या तोंडाकडं बघत होती. सरांचा हात वर गेला. मग एकेक करत सगळ्यांचे.

त्या हातांची मला भीती वाटली. मग चीड आली. हार ओढून काढला तर दोरा तुटला, फुलं टेबलावर सांडली.

तात्या पुढं आला. "पोरी, चल. हितं आपलं काय न्हाई."

"थांब तात्या. मला बोलायचं हाय."

मी माइक घेतला. म्हणाले, "त्या अंधारात माझी चुलती मेली. तिचा नवरा हा उभा आहे. दिवा काढतो म्हणून आता त्याला तोंडावर सांगा."

सरांनी माइक बंद केला. माझ्याकडं वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "दिवा काढायचा अर्ज आधीच वर गेलाय. माणसं येतील. तुमच्या नोकरीचाही विचार करा."

मंडळानं मला काढून टाकलं. तारे मी अजूनही पाहते, टेकडीमागच्या अंधारात चालत जाऊन. माणसं आलेली नाहीत. पण घाटात गाडी घुमली की वाडीतल्या बाया कामं टाकून बाहेर येतात. मी त्यांना सगळं सांगून ठेवलंय. शाळेतही सांगितलंय, निरोप आला की वर्ग सोडून निघेन. खांबाला शिडी लागली तर तिच्या पहिल्या पायरीवर मी बसलेली असेन. नोकरी गेली तरी.