खाचरावर टाकलेला मुरूम

“थांबा हं, माझा जरा गोंधळ होतोय.”

भर वर्गात, साठ मुलांसमोर असं म्हणणारा शिक्षक तुम्ही पाहिलाय का? आमच्या पेणच्या शाळेत भूगोलाचे सर होते, ते आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचे. फळ्यावर स्वतःच काढलेल्या बाणांकडे बघत उभे राहायचे, खडूच्या हातानं कपाळ खाजवायचे आणि पांढऱ्या कपाळानं स्टाफरूममध्ये यायचे. मी मराठी शिकवते. आमचा गोंधळ झाला की आम्ही आवाज चढवतो. त्यामुळे मला त्यांचं फार नवल वाटायचं.

ते रोह्याचे. रोज गाडीनं यायचे. मी मधल्या कासू स्टेशनवर चढायचे. एखादी मालगाडी बाजूला उभी दिसली की यांचं सुरू. “बाई, यात काय असेल? आणि आपल्याकडे येतंय की आपल्याकडून जातंय?” मला काय कळणार? डबे बंद असायचे, आणि गाडी उभी.

बारावीला ते उद्योगांचं स्थान शिकवत होते. कच्चा माल जवळ हवा, बाजार जवळ हवा, वाहतूक सोयीची हवी, वगैरे. पेणजवळच्या जोहे गावातल्या एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, “सर, आमच्याकडे गणपती करतात. शाडू गुजरातवरून येते. रंग मुंबईचे. गिऱ्हाईक अमेरिकेत. मग आमच्या गावात आहे काय?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. फळ्यावरचे चारही मुद्दे एकेक करून वाचले आणि म्हणाले, “सोमवारी सांगतो.”

रविवारी ते एसटीनं जोह्याला गेले. त्या मुलीच्या आईचा, कुंदाताईंचा, मूर्तींचा कारखाना होता. नवरा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला, म्हणून कारखाना बाईच बघायच्या. त्या मूर्तीचे डोळे आखत होत्या. सर दिवसभर समोर पाटावर बसून राहिले. सोमवारी वर्गात म्हणाले, “तुमच्या गावात हात आहेत. पिढ्यान् पिढ्या तयार झालेले. ते कुठून आणता येत नाहीत.” मुलगी खूश झाली. सर तिच्याहून खूश.

तिथूनच पुढचं सगळं झालं.

दर रविवारी जोह्याला जाणं सुरू झालं. एकदा कुंदाताईंनी विचारलं, “सर, बाहेरदेशी मूर्ती पाठवणारा व्यापारी मोठी ऑर्डर देतोय. पण शेड वाढवाया पायजे. जागा म्हणजे मागचं भाताचं खाचरच. काय करू?”

सरांनी जे पुस्तकात होतं ते सांगितलं. ज्याला जे सगळ्यांत चांगलं जमतं त्यानं ते करावं, बाकीचं विकत घ्यावं. देशही असेच चालतात. “तुमच्यासारखे डोळे जगात कोण आखतं? तांदूळ काय, कुठेही पिकतो.”

मला त्यांनी हे मोठ्या आनंदानं सांगितलं होतं. मलाही पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

खाचरावर मुरमाचे डंपर रिकामे झाले. अर्ध्यावर शेड झाली, अर्ध्यावर मूर्ती वाळवायचं अंगण. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये उरणच्या बंदरातून मूर्ती निघाल्या, आणि तिकडे कुठल्या तरी समुद्रात लढाई चालली होती म्हणून जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेलं. पुढच्या बंदरात गर्दी, तिथे आणखी थांबलं. कंटेनर अमेरिकेत पोचला तेव्हा गणपतींचं विसर्जन होऊन गेलं होतं.

व्यापाऱ्यानं पुढच्या वर्षी फोनच उचलला नाही.

सरांचं रविवारचं जाणं मधे सुटलं होतं. त्यांना ही बातमी वर्गात कळली, त्याच मुलीच्या धाकट्या बहिणीकडून. त्या दिवशी ते स्टाफरूममध्ये नकाशा पसरून बसले होते. “बाई, हा रस्ता मी मुलांना तोंडपाठ करायला लावतो. सुएझ बंद झाला तर काय, हा प्रश्न मी स्वतः परीक्षेत काढलाय. मग त्यांना सांगताना मला आठवलं कसं नाही?”

मी म्हटलं, “तुम्ही काय जहाज चालवत होतात?”

“खाचर बुजवायला मी सांगितलं,” ते म्हणाले.

जोह्याला जायचं धाडस त्यांना एकट्यानं होईना. मी सोबत गेले. व्यापाऱ्यानं न नेलेल्या मूर्ती शेडमध्ये प्लास्टिकखाली झाकून ठेवल्या होत्या. कुंदाताईंनी पाणी दिलं, चहा दिला. रागावल्या नाहीत. त्याचाच सरांना जास्त त्रास होत होता.

“सर, तुमचं पुस्तक बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “मी पण विचार केला. बरोबरच हाय. पण खाचर परत कसं करायचं, ते लिवलंय का त्याच्यात?”

सरांनी खूप वेळ विचार केला. खरोखर, जणू एखाद्या धड्यात असेल आणि आपल्या नजरेतून सुटलं असेल.

“नाही,” ते म्हणाले.

मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी काय केलं, ते मला बाकीच्यांकडून कळलं. वाडीवरची दोन माणसं मजुरीला घेऊन खाचर मोकळं करायला कुंदाताई अंगणाचा मुरूम उचलत होत्या, आणि आमचे सर पांढरा शर्ट, पायात चपला, घमेलं डोक्यावर घेऊन त्या रांगेत. रोज रोह्याहून यायचे. तिसऱ्या दिवशी पाठ धरली तर बसून दगड वेचायला लागले. संध्याकाळी पिशवीत चार लहान शाडूच्या मूर्ती घालून न्यायचे आणि रोह्यात ओळखीच्या घरी दाखवायचे. त्यातून घरगुती गणपतींच्या काही ऑर्डरी मिळाल्या. फार नाही, पण हात चालू राहिले.

खाली माती दबून दगडासारखी झाली होती. पहिल्या पावसाळ्यात बरीचशी रोपं पिवळी पडली. आणि त्याच सुमाराला त्या व्यापाऱ्याचा फोन आला: पुन्हा ऑर्डर देतो, या वेळी लवकर पाठवू. आता? कुंदाताईंनी सरांना विचारलं. सरांनी मला विचारलं. मी मराठीची शिक्षिका! शेवटी कुंदाताईंनीच ठरवलं. शेड आहे तेवढ्यातच मावेल एवढी ऑर्डर घेतली, अंगणाला हात लावू दिला नाही. हे बरोबर की चूक, ते मला अजून सांगता येत नाही. सरांनाही आलं नाही. “हिशेबात बसत नाही, पण मला बरं वाटतंय,” एवढंच म्हणाले.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. मुलगा मस्कतला. तो येऊन सरांना आणि त्यांच्या बायकोला घेऊन गेला. निरोप समारंभात सरांनी भाषण सुरू केलं, अर्ध्यात थांबले आणि खाली बसले.

दिवाळीनंतर कुंदाताई शाळेत आल्या. हातात कापडी पिशवी. “सर नाय दिसत?”

घाईत निघालेल्या सरांचं त्यांना कळवायचं राहून गेलं होतं. मी सांगितलं.

“तिकडं भात पिकतो का हो, मॅडम?”

“नाही. वाळवंटच आहे बरंचसं.”

“मग खातात काय?”

“विकत घेतात. आपल्याकडूनही जातो तांदूळ तिकडे.”

त्यांनी पिशवी उघडली. मग ती माझ्या टेबलावर ठेवली. आत दोन-अडीच किलो तांदूळ असेल. बराच तुकडा झालेला, रंग जरा लालसर.

“एवढाच झाला,” त्या म्हणाल्या. “तुमीच शिजवा. न् त्यांना फोन करून सांगा, कसा लागतो.”

मी शिजवला. थोडा चिकट झाला, पण गोड होता. आम्ही घरी दोनदा वाढून घेतला. फोन लावायला नंबर काढून बसले आहे. ‘चिकट’ आधी सांगू की ‘गोड’, एवढंच ठरत नाही.